मांडीएवढा

"हा मोठ्या जातीचा बांबू मांडीएवढा व्हायला किती वर्षं लागतात रे, हरी?" आईनं रोपवाल्याला विचारलं.

"नदीकाठची माती, बारमाही ओल. पाच वर्षांत होईल, वहिनी."

बाबा गेल्यापासून आई पहिल्यांदाच हसली. तनयानं ते हसू पाहिलं. बांबू मांडीएवढा झाला की तो लावणारा माणूस मरतो, असं आमोणे गावात त्यांच्या वाड्यावर मानत.

तिनं एका हातात रोप घेतलं, दुसऱ्या हातानं आईला धरलं आणि ती घरामागच्या कोरड्या, खडकाळ सड्यावर चढली.

"ताई, तिथं नको!" हरी खालून ओरडला. "खडकात पाणी ठरत नाही. मांडीएवढा व्हायला उभा जन्म जाईल!"

तनयानं रोप आईच्या हातात दिलं.

"लाव गो आई. इथंच लाव."