कावळ्यासाठी शांतता

दहाव्याचे पिंड मांडून बराच वेळ झाला, तरी कावळा येईना.

आमच्या वाडीत कावळे उरलेच कुठे होते? शेजारच्या घाणेकरांनी आंब्यावरचे वानर हाकलायला सुतळी बॉम्ब आणले, तेव्हा ते वानर आमच्या बागेत आले. "मग आपल्याकडेही हवेत," असं माझी बायको कुमुदच म्हणाली होती. हळूहळू सगळ्या वाडीने आणले. वानर आवाजाला सरावले आणि कावळे गेले. म्हणून तिच्या दहाव्याला कोणी बॉम्ब आणायचा नाही, असं मी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं.

"अणुबॉम्बचंही असंच," घाणेकर म्हणाले. "एका देशाने केला की शेजाऱ्याला झोप येत नाही."

"मग आधी टाकून कोणी द्यायचा?"

"शेजाऱ्याने, अण्णा!"

तेवढ्यात एक कावळा आला. तो पिंडाशी उतरणार, एवढ्यात मागच्या फणसावरून एक हुप्प्या खाली आला. घाणेकरांचा हात खिशात गेला आणि सुतळी बॉम्ब घेऊनच बाहेर आला.

"अहो, शब्द दिला होतात!"

"तुम्ही आणला असणार, या भीतीने आणला. तुम्ही इथे वाजवलात की वानर माझ्या बागेत."

तोवर माझ्याही हातात एक आला होता.

आमचे हात बघून कावळा उडाला. हुप्प्या तेवढा बसून राहिला. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

कुमुद असती तर एवढंच म्हणाली असती, "एकच आणलात होय?"