जुलैतलं पापलेट

पालघरच्या कॉलेजातून निघणाऱ्या संशोधनपत्रिकेचे संपादक निसळसर प्रुफं नेहमी मोठ्यानं वाचत. हा लेख त्यांच्या पुण्यातल्या गुरूंचा होता, पापलेटातल्या पाऱ्यावर. “ताजे नमुने दातिवऱ्याच्या होड्यांवरून घेतले, जुलै १९८६.” केर काढणारी हिराबाय थांबली. ती दातिवऱ्याचीच. “सर, जुलैत आमच्या होड्या वाळूवर असतात. नारळी पुनवेपर्यंत दर्यात कोन नाय जात. ह्यांना ताजं पापलेट दिलं कोनी?” घाटावरच्या, मासळी न खाणाऱ्या सरांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी लेखावर लाल फुली मारली आणि गुरूंना खुलासा मागणारं पत्र लिहिलं. पाकीट न चिकटवताच ते उठले. कपाटातून त्यांनी स्वतःचा प्रबंध काढला. त्यातली पापलेटंही गुरूंनीच पुरवलेली. तक्त्यात ठिकाण होतं दातिवरे, महिना जुलै. त्यांनी प्रेसला चिठ्ठी लिहिली, “पुढच्या अंकाचं पहिलं पान राखून ठेवा. मी माझी डॉक्टरेट परत करतोय.”