धाकट्या टीमचं काम

मालकांच्या खोलीतून बारक्या बाहेर आला तो हसतच. ताई जिन्याच्या तळाशी ताटकळत उभी होती. हातातला चहा कधीच गार झाला होता.

“काय म्हणाले?”

“विशेष काही नाही. जरा आईला फोन करून येतो. मिळेल त्या गाडीनं निघ म्हणावं, आजची रेस बघायला ये.”

ताईच्या जिवात जीव आला. आईसमोर आपल्याला दडपण येतं म्हणून या पठ्ठ्यानं आजवर तिला कधी ट्रॅकवर येऊ दिलं नव्हतं. आज स्वतःहून बोलावतोय, म्हणजे काम फत्ते झालेलं दिसतंय. खोदून विचारायचं तिनं टाळलं. गोड बातमी ज्याची त्यानं सांगावी.

मालकांच्या मोटार रेसिंगच्या दोन टीम होत्या, थोरली आणि धाकटी. थोरलीनं जिंकायचं. धाकटीचं काम काय, असं कुणी विचारलं की ताई म्हणायची, “थोरलीचे जुने कपडे वापरायचे, आणि आपली पोरं कर्तीसवरती झाली की तिच्या घरी पाठवायची.” थोरलीला पुढच्या हंगामासाठी खालून एक माणूस न्यायचाय, अशी कुजबुज महिनाभर चालली होती. माणूस म्हणजे बारक्या, हे धाकटीत सगळे धरूनच चालले होते. बारक्या ड्रायव्हर, ताई त्याची रेस इंजिनिअर. गाडीत तो एकटा असला तरी रेडिओवरून त्याच्या कानात सतत तिचा आवाज असे.

हंगामाची ती शेवटची रेस. थोरलीचा नावाजलेला ड्रायव्हर वस्ताद पहिला आला तर विजेतेपद त्याचं, दुसरा आला तर मिशीवाल्याचं, असं गणित होतं. मिशीवाला दुसऱ्या कंपनीचा. त्याची गाडी त्या दिवशी सगळ्यांत वेगवान होती.

रेस संपत आली तेव्हा वस्ताद पहिला होता आणि त्याच्यामागे, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, बारक्या दुसरा. बारक्याची आई गॅरेजात मागच्या स्टुलावर पर्स मांडीत घट्ट धरून बसली होती. कुणीतरी तिच्या कानाला मोठा हेडफोन लावून दिला होता. तो सारखा घसरत होता.

मिशीवाला नवे टायर घालून मागून येत होता. प्रत्येक फेरीला अंतर कमी होत होतं.

तेवढ्यात वरून निरोप आला. धाकटीच्या गाडीनं मिशीवाल्याला अडवून धरायचं, काहीही करून. नियमात हे बसत होतं, मनात बसत नव्हतं. ताईनं कपाळावरचा घाम पुसला आणि बटण दाबलं.

“बारक्या, मिशीवाला मागे आलाय. त्याला थोपवायचंय.”

रेडिओच्या घरघरीतून त्याचा आवाज आला, अगदी शांत.

“ताई, त्याला वाट दिली तर मी तिसरा येतो ना?”

“येतोस.”

“आणि थोपवला तर?”

“टायर जातील. मागचे सगळे पुढे निघून जातील.”

तिसरा म्हणजे बक्षिसाच्या पायरीवर उभं राहणं. आजवर बारक्या त्या पायरीच्या आसपासही फिरकला नव्हता. ताईनं मागे वळून पाहिलं. आई तिच्याकडेच बघत होती.

“मग काय करू? तू सांगशील ते करतो,” बारक्या म्हणाला. “पण मोठ्यानं सांग. वर नीट ऐकू जाऊ दे.”

हुशार आहे, तिच्या मनात आलं. केलेला त्याग वरच्यांच्या कानावर जायलाच हवा.

“थोपव. कुठं काय करायचं ते मी सांगते. पुढच्या वर्षाचा विचार कर.”

तो हसला, ओझरता.

“तोच करतोय.”

मग ताईनं जे केलं ते पाहून आजूबाजूची माणसं आपापली कामं विसरली. कुठल्या वळणावर आत दबायचं, कुठं ब्रेक लवकर लावायचा, कुठं मिशीवाल्याला फट दाखवून ती बंद करायची, सारं ती एकसुरात सांगत राहिली. आवाज एकदाही चढला नाही. बारक्यानं शब्दन् शब्द पाळला. दोनदा दोन्ही गाड्या इतक्या जवळ आल्या की आईनं डोळे मिटून घेतले.

शेवटी बारक्याच्या टायरनी मान टाकली आणि मिशीवाला निसटला. पण तोवर वस्ताद पार पुढे गेला होता. थोरलीच्या गॅरेजात एकच जल्लोष उसळला. बारक्या घसरत घसरत अकरावा आला.

आईनं हेडफोन काढून ताईच्या हातात दिला आणि हळूच विचारलं, “हरला का गं तो?”

“नाही हो काकू,” ताई म्हणाली. “आजच तर त्याचं सगळं जमून आलं.”

थोड्याच वेळात मालकांचं बोलावणं आलं, तिला एकटीला. बारक्याबद्दल आधी इंजिनिअरचं मत विचारत असतील, असं म्हणून ती दोन दोन पायऱ्या चढत वर गेली. काय काय सांगायचं याची मनात उजळणी चालली होती.

मालकांनी तिला खुर्ची दिली. वस्तादचा इंजिनिअर निवृत्त होतोय, हे बाहेर कुणाला ठाऊक नाही, असं सांगून ते म्हणाले, “पुढच्या वर्षी वस्तादच्या कानात मला तुमचा आवाज हवाय.”

ताईला आधी काही कळेचना. मग कळलं, आणि हसावं की रडावं ते सुचेना.

“आणि बारक्या? तोही माझ्याबरोबर वर येतोय ना, सर?”

मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“त्याला सकाळीच सांगितलं मी, पुढच्या वर्षी त्याला गाडी नाही. वरही नाही, खालीही नाही. थोरलीला न्यायचाय तो इंजिनिअर, हेही बोललो. मला वाटलं, आदळआपट करेल. पण उठताना एवढंच म्हणाला, आज मला बघू नका सर, ताईला ऐका.”