साक्षीदार

बोरीच्या भुजंगरावांनी लेक बहिणीच्या पोराला देण्याचा शब्द परस्पर देऊन टाकला. प्रियांकाला ते स्थळ नको होतं. तिनं मोबाइलवर कायदाच काढून दाखवला: आत्याच्या पोराशी लग्न चालत नाही.

शब्द मोठा की कायदा, हे विचारायला भुजंगराव बायकोला घेऊन परभणीच्या वकिलाकडे गेले.

"तुमच्यात तशी रूढी असेल तर चालतं," वकील म्हणाले. "पण साक्षीदार लागेल."

"ही काय, संगंच आणलीय!" भुजंगराव खुलले. "माझ्या सख्ख्या मामाची पोरगी. सत्तावीस वर्षं झाली लग्नाला!"

वकिलांनी चतुराबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर सावरला.

 

"आमच्यात असली रूढी न्हाई, साहेब. पोरीचं मोडा, अन् जमलं तर त्याच कागदात माझंबी उरकून टाका."