चार वाजता खुर्चीत

"कर्मचारी दुपारी चार वाजता खुर्चीत बसले होते," मुख्य कचेरीचं इंग्रजी पत्र मराठीत सांगताना लातूर शाखेचे अधिकारी असलेल्या अनिमेषने समोरच्या रत्नम्माची नजर चुकवली. "म्हणजे चार वाजता ते हयात होते, असं वरच्यांचं म्हणणं आहे, काकू."

रत्नम्माला आधी कळलंच नाही. नवरा कुणाचा, आणि तो कधी गेला हे सांगणारे हे कोण?

तिचा नवरा चंद्रप्पा सकाळी सव्वाअकराला याच बियाणं कंपनीच्या गोदामात पोतं उचलताना पडले, ते उठलेच नाहीत. दवाखान्यात न्यायचं सोडून कंपनीच्या टेम्पोने त्यांना शिरूर अनंतपाळच्या घरी आणून उतरवलं. त्यामुळे मृत्यूच्या दाखल्यावर ठिकाण घरचं पडलं, आणि वेळेला तर तिथे रकानाच नव्हता. कामावर मरण आलं तर घरातल्या एकाला नोकरी, हा कंपनीचा नियम. वेळेचा पुरावा म्हणून राहिला फक्त रत्नम्माचा जबाब. तिने तो मराठीत दिला, इथल्या संगणकाने त्याचं चुटकीसरशी इंग्रजी केलं, आणि ते एकदा वाचून बघावं असं एकाही शहाण्याला वाटलं नाही.

लेक दामिनीने पत्र ओढून घेतलं. बी.एस्सी. झालेली, अप्पांच्या जागेवर लागणार होती ती हीच. ती आईला मोठ्याने मराठीत सांगू लागली.

"'सव्वाअकरा वाजता कर्मचारी कामाच्या वेळेत, परवानगी न घेता, देवाशी एकरूप झाले. नंतर घरी त्यांचे स्नान झाले. कपाळाला भस्म लावले. चार वाजता खुर्चीत बसून त्यांनी लोकांच्या भेटी घेतल्या. स्वामींनी मस्तकावर पाय ठेवून आशीर्वाद दिला. सहा वाजता सजवलेल्या पालखीतून त्यांची वाजतगाजत मिरवणूक निघाली. सबब, त्या दिवशी त्यांची प्रकृती उत्तम दिसते. मृत्यू त्यानंतर, घरी झाला असावा.'"

शेजारच्या टेबलावरचा कारकून फिस्सकन हसला. हसू येण्यासारखं होतंच, मेलेला बाप आपला नसला की.

लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवा ठेवत नाहीत. न्हाऊ घालून, विभूती लावून बसवतात, स्वामी डोक्यावर पाय ठेवतात, मग वाजतगाजत रुद्रभूमीत नेऊन बसवूनच माती देतात. मेला असंही म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. लातुरातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर हे कळलं असतं. जबाबात रत्नम्माने प्रेत हा शब्द कुठेच घातला नव्हता. चाळीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याला प्रेत का म्हणावं तिने?

"साहेब, तुमाला तर म्हाईत हाय की," ती म्हणाली. "तुमी सोता आल्ते चार वाजता. कंपनीचा हार घिऊन."

"हो, काकू. त्याचाही उल्लेख आहे."

पत्राला फोटो जोडलेला होता. खुर्चीत चंद्रप्पा, मान कापडाने मागे बांधलेली, तळहातावर रोज गळ्यात असायचं ते इष्टलिंग. वाकून हार घालणारा अनिमेष. खालची ओळ दामिनीने वाचली, "'आमच्याच अधिकाऱ्याने हार घालून सत्कार केला.'"

"सत्कार!" रत्नम्माचा आवाज चढला. "मग कळवा की वर. सत्कार न्हवता म्हनून कळवा."

"फोनवर सांगितलं मी. ते म्हणाले, लेखी दे."

"मग द्या की लेखी," दामिनी म्हणाली.

अनिमेष पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिला. लेखी दिलं तर सव्वाअकराचा साक्षीदार तोच ठरणार. आणि अप्पांना दवाखान्यात न नेता टेम्पोत घालायला सांगणाराही तोच होता. संगणकाची चूक झाली हे खरं, पण ती आता किती जणांच्या सोयीची झाली होती! दामिनीला हे कळत होतं.

"त्यापेक्षा असं करू," त्याने खणातून एक कोरा कागद काढला. "चार ओळींचा नवा जबाब लिहू. संध्याकाळी घरी वारले, बस्स. तुम्ही सही करा, फाईल बंद होईल. दामिनीसाठी मी दुसरीकडे कुठं तरी बघतो. शब्द देतो."

"माय, सही करायची न्हाई," दामिनी म्हणाली.

"मी काय येडी हाव का?" रत्नम्मा उठली. बाईला एवढा राग येतो हे त्या कचेरीत कुणाला ठाऊक नव्हतं, तिचं तिलाही नसावं. कारकुनाचं हसू कधीच मावळलं होतं.

तिने टेबलावरून हात लांब केला आणि अनिमेषचं मनगट घट्ट धरलं.

"माझं तुमाला पटंना. ह्या पोरीचं पटंना. सोताच्या डोळ्यांनी बघितलं त्ये बी तुमाला पटंना. मग चला माझ्यासंगं रुद्रभूमीत. अजून बसलेलेच हायत त्ये. तुमीच इचारा त्यान्ला, किती वाजता गेलाव म्हनून."