एकही हलत नाही

“शुक्रजंतू भरपूर आहेत हो! आकारही चांगला,” डॉक्टरीणबाई रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाल्या. “पण एकही हलत नाही. तिसऱ्यांदा तेच.”

आइस्क्रीमवाल्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. बायकोने कागद आपल्याकडे ओढला.

“भरपूर म्हणजे कमी नाहीत ना, बाई?”

“मुळीच नाहीत. पण जागचे हललेच नाहीत तर पोचणार कसे?”

त्या काळी पुरुषमाणसं असल्या तपासणीचं नावसुद्धा काढत नसत. हा मात्र बाई सांगतील ते सगळं करत आला होता. सिगरेट सोडली. घट्ट विजार सोडली. उष्णता वाईट म्हटल्यावर कढत पाण्याची आंघोळही सोडली.

“दुसऱ्या कुणाचं बीज घ्यायचं असेल तर आजच सही करा,” बाई म्हणाल्या. “नाहीतर शेवटचं एकदा बघू. या वेळी मी स्वतः लगेच तपासते. इथेच द्या.”

“इथे?” तो कानापर्यंत लाल झाला. “दाराबाहेर लोक खोकत बसतात, बाई! पुलापलीकडे तर घर. हा गेलो आणि हा आलो.”

उत्तराची वाट न पाहता तो जिना उतरला. खाली त्याच्या तीनचाकी गाडीची घंटा वाजली.

“उत्साह दांडगा आहे,” बाई हसल्या.

“बाळाचा पाळणा रंगवूनसुद्धा झाला.” बायकोला हसू आवरेना. “तुम्ही दिलेली बाटली म्हणजे जिवापाड जपतात. मला घरात थांबू देत नाहीत, लाजतात. पण इथे आले की खिशातला रुमाल काढून ती लख्ख पुसणार, मगच तपासणीच्या खिडकीत ठेवणार. गिऱ्हाइकाच्या हातात ओलं काही द्यायचं नाही, हा त्यांचा धंद्याचा नेम.”

“छान.”

बायकोने सहीचा कागद उलटा करून ठेवला.

“बाई, ते मुळातच मेलेले असतात का?”

“असू शकतात. कधी आजारानं जातात, कधी औषधानं. फार तापले किंवा फार गारठले तरी जातात. नाजूक काम. अंगाइतकीच ऊब सोसते त्यांना.”

“या उन्हात गारठतात कुठले!” बायकोने पदराने मान पुसली. “पण आज काहीतरी चांगलं होणार बघा. सकाळपासून छाती नुसती धडधडतेय.”

पुन्हा घंटा वाजली, या वेळी न थांबता. खिडकीपर्यंत येऊ देण्याइतकाही धीर बाईंना राहिला नाही. त्या जिना उतरून रस्त्यावर आल्या. मागोमाग बायको.

आइस्क्रीमवाला गाडीवरून उडी मारूनच उतरला. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, चेहरा फुललेला.

“आणली, बाई! अगदी ताजी!”

त्याने गाडीच्या पेटीचं झाकण उघडलं. पांढरी वाफ वर आली. कोपरापर्यंत हात आत घालून त्याने बर्फाच्या चुऱ्यातून बाटली वर काढली आणि दुसऱ्या हाताने खिशातला रुमाल चाचपला.

बाईंनी त्याचं मनगट धरलं.

“दर वेळी अशीच आणलीत?”

“म्हणजे काय!” तो छाती फुगवून म्हणाला. “जन्मात कधी माल वितळू दिला नाही, तो हा वितळू देईन होय?”