येफळ

सहाणेवर जायफळ उगाळून मी ते कोमट दुधात कालवलं, तशी माझी चार वर्षांची लेक ओठ घट्ट मिटून बसली. इस्पितळात मला रात्रपाळी लागल्यापासून तिला हे दूध पाजून, झोपवून मगच मी घराबाहेर पडते.

"पी गं सोन्या, छान झोप लागेल."

"नको. जायफळ प्यायलं की तू जातेस. येफळ घाल."

तिचा बाबा दारात फिसकन हसला. मला हसू येईना.

"अगं वेडे, जायफळ उलटं उगाळलं की त्याचंच येफळ होतं!" मी पुन्हा सहाण ओढली आणि हात उलटा फिरवू लागले. ती डोळे विस्फारून बघत राहिली. दुधावर तपकिरी कण तरंगले, गोडसर वास खोलीभर पसरला, भिंतीवरच्या आमच्या सावल्यासुद्धा पेंगुळल्या.

पेला मी तिच्या ओठांशी नेला. तिनं तो दोन्ही हातांनी माझ्याकडेच वळवला.

"मला कशाला? यायचं तर तुला आहे ना!"

मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. पेला खाली ठेवला, तेव्हा ती माझ्या मांडीवर झोपून गेली होती.